ईडीची (ताठरता न येण्याच्या त्रासाची) गोळी लागू पडेल की नाही हे रक्ताच्या टेस्टवरून आधी कळतं का?

इंदिरानगरकर

नमस्कार मंडळी, विषय जरा अवघड आहे, घरी बायको सोडून कोणाशी बोललो नाहीये म्हणून इथे विचारतोय, कोणाला खरोखर माहिती असेल तर सांगा. वय ३९, अंबड एमआयडीसीत शिफ्ट ड्युटी, फर्स्ट सेकंड नाईट असं दर आठवड्याला फिरत राहतं. शुगर आहे, मेटफॉर्मिन चालू, मागच्या वर्षी बीपीचीही गोळी लागली. गेल्या वर्षभरापासून ताठरता नीट येत नाही, आली तरी टिकत नाही. फॅमिली डॉक्टरांनी सिल्डेनाफिल ५० लिहून दिली, ती कधी मस्त लागू पडते आणि कधी घेतली न घेतली सारखंच. आणि कधी लागू पडणार हे आधी माहीत नसतं म्हणून डोक्यात तेच चालू राहतं, त्याचंच टेन्शन जास्त.

तर आता झालंय असं की एका लॅबचा माणूस कंपनीत चेकअप कॅम्पला आला होता, त्याच्याशी बाजूला घेऊन बोललो तर त्याने पुरुषांचं एक मोठं पॅकेज सांगितलं, साधारण सात हजाराचं. त्यात टेस्टोस्टेरॉन, प्रोलॅक्टिन, थायरॉईड, व्हिटॅमिन डी, होमोसिस्टीन असं बरंच काही आणि वर एक जीन टेस्ट. म्हणे रिपोर्ट बघून कळतं की कुठली गोळी तुम्हाला चालेल आणि कुठली चालणारच नाही, उगाच एकेक ट्राय करत बसायला नको. ऐकायला चांगलं वाटतं पण सात हजार काय कमी नाहीत.

टेस्टोस्टेरॉन मी एकदा केलेलं आहे, फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर संध्याकाळी पाचच्या सुमारास, वाटेत वडापाव खाल्ला होता. आलं २५४, रिपोर्टवर नॉर्मल ३०० च्या वर लिहिलंय. ते बघून ओळखीतल्या एकाने इंजेक्शन सुरू करायचा सल्ला दिला, जिमवाले घेतात तेच म्हणे. आम्हाला दुसरं मूल हवंय म्हणून मी अजून थांबलोय. तर प्रश्न हा की गोळी कोणाला लागू पडणार हे रक्तातून खरंच आधी समजतं का, आणि समजत असेल तर नेमकी कुठली टेस्ट करू?


लॅबटेक_पंचवटी

दादा, मी बरीच वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करतोय, डॉक्टर नाही, त्यामुळे औषधाचं डॉक्टरच सांगतील, पण सॅम्पलचं मी सांगू शकतो. तुमचा तो २५४ चा रिपोर्ट बाजूला ठेवा. टेस्टोस्टेरॉन सकाळी सगळ्यात जास्त असतं आणि दिवसभर उतरत जातं, म्हणून सॅम्पल सकाळी ७ ते १० च्या दरम्यान आणि उपाशीपोटी घ्यायचं असतं, खाल्ल्यावर पण आकडा खाली येतो. तुम्ही संध्याकाळी पाचला, दिवसभराच्या कामानंतर, वडापाव खाऊन दिलंत म्हणजे आकडा कमी दाखवण्यासाठी लागतं ते सगळं जुळून आलं. लॅबने विचारायला पाहिजे होतं खरं तर, आम्ही विचारतो, पण प्रत्येक ठिकाणी काउंटरवर विचारतातच असं नाही.

आणि तुमची शिफ्ट. नाईटच्या आठवड्यात किंवा नाईट संपल्या संपल्या टेस्ट करू नका. हा हार्मोन झोपेशी बांधलेला आहे, झोप विस्कटलेली असेल तर आकड्याला अर्थ राहत नाही. माझं ऐकाल तर फर्स्ट शिफ्टचा आठवडा जाऊ द्या, रात्रीची झोप चार-पाच दिवस नीट होऊ द्या आणि मग त्या रविवारी सकाळी आठला उपाशी जाऊन रक्त द्या, मिसळ नंतर खा. ताप, सर्दी, दाढ काढलेली असं काही चालू असेल तर तो रविवार सोडा, आजारपणात टेस्टोस्टेरॉन पडतं. आणि एकदा कमी आलं तर परत वेगळ्या दिवशी तसंच सकाळी करायचं, दोन्ही वेळा कमी आलं तरच ते कमी समजतात, एका रिपोर्टवर इंजेक्शन सुरू करणं मला तरी पटत नाही.

अजून एक, केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर सॅम्पल देताना सांगा. बऱ्याच मशीनमध्ये बायोटिनमुळे हार्मोनचे आकडे खोटे येतात, टेस्टोस्टेरॉनही आणि थायरॉईडही. लोक त्याला औषध समजतच नाहीत त्यामुळे सांगत नाहीत.

पोट सुटलेलं असेल आणि शुगर असेल तर टेस्टोस्टेरॉनला रक्तात बांधून ठेवणारं एसएचबीजी नावाचं प्रोटीन कमी असतं, त्यामुळे टोटल टेस्टोस्टेरॉन कमी दिसतं पण कामाचं मोकळं टेस्टोस्टेरॉन ठीक असू शकतं. पहिला आकडा काठावर आला तर डॉक्टर ही टेस्ट सांगतील, आधीच करायची गरज नाही. जीन टेस्टबद्दल मी बोलत नाही, आमच्याकडे होत नाही, पण ईडीसाठी कुठल्या युरॉलॉजिस्टने ती लिहून दिलेली चिठ्ठी माझ्या पाहण्यात तरी आलेली नाही.


द्राक्षबाग_निफाड

भाऊ, तुमच्यासारखंच माझं. वय ५३, शुगर बारा वर्षांची, निफाडकडं द्राक्षबाग आहे. मला पण गोळीनं कधी काम व्हायचं कधी नाही. मग नाशिकला एका युरॉलॉजिस्टकडं गेलो, त्यांनी आधी अर्धा तास नुसतं विचारलं, गोळी कधी घेता, जेवणाआधी का नंतर, घेतल्यावर काय करता, पहाटे उठताना ताठरता असते का, असं सगळं. तोपर्यंत मला कोणी सांगितलंच नव्हतं की सिल्डेनाफिल भरल्या पोटी, त्यातून मटण आणि तेलकट खाऊन घेतली तर तिचा असर तासभर तरी उशिरा होतो आणि कमीही होतो. आणि गोळी घेऊन नुसतं वाट बघत पडायचं नसतं, मनात इच्छा आणि जवळीक लागतेच, गोळी आपोआप काही करत नाही. पोट हलकं ठेवून तासभर आधी घ्यायला लागलो तर त्याच गोळीनं आधीपेक्षा पुष्कळ फरक पडला. सात हजार द्यायच्या आधी हे करून बघा.

माझ्या रक्तात त्यांनी काय बघितलं ते सांगतो, तीन महिन्यांची शुगर, कोलेस्टेरॉल, सकाळचं टेस्टोस्टेरॉन, किडनीसाठी क्रिएटिनिन. बस. तीन महिन्यांची शुगर ९.६ होती. डॉक्टर म्हणले टेस्टोस्टेरॉन ठीक आहे, खरी भानगड शुगरची आहे, शुगरनं नसा आणि रक्तवाहिन्या दोन्ही खराब होतात. मी माझ्या भाषेत असं समजलो की ड्रिपमधून औषध सोडलं पण खालच्या नळ्याच चोकअप असतील तर झाडाला काय पोचणार. शुगर साडेसातवर आणायला वर्ष गेलं, छाटणीच्या दिवसात जेवणाचा काही टाइम नसतो त्यामुळं अवघडच जातं. खाली आल्यावर मी काही एकदम विशीतला झालो नाही, पण गोळीचा भरवसा आला, जी आधी निम्म्या वेळा फसायची ती आता क्वचित फसते.

अजून एक सांगायचंय आणि हे मनापासून. माझ्या थोरल्या भावाला हाच त्रास सुरू झाला होता, त्यानं कोणाला सांगितलं नाही, रस्त्याकडेच्या तंबूतनं पावडर आणून खायचा. दोन-तीन वर्षांत हार्ट अटॅक आला. वाचला, पण नंतर डॉक्टरनं सांगितलं की तेव्हाच कोलेस्टेरॉल आणि हृदय तपासलं असतं तर आधी सापडलं असतं. आणि त्या पावडरी आयुर्वेदिक म्हणून विकतात पण त्यात पुष्कळदा सिल्डेनाफिलच कुटून टाकलेलं असतं, किती ते कोणालाच माहीत नाही. भावाला छातीत दुखलं तेव्हा कोणीतरी जिभेखाली सॉर्बिट्रेट, म्हणजे हृदयाच्या दुखण्यावरची गोळी, ठेवायला दिली होती, पोटात जर ती पावडर असती तर दोन्ही मिळून बीपी एकदम खाली जाऊन तिथंच संपू शकलं असतं. घरात सॉर्बिट्रेट ठेवणारे खूप जण आहेत म्हणून लिहितोय.


मेडिसिनवाला_नाशिकरोड

मी फिजिशियन आहे, माझ्या ओपीडीत हा प्रश्न रोज येतो, फक्त लोक तो सगळ्यात शेवटी, दार उघडून बाहेर जाताना विचारतात. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

थेट उत्तर असं की गोळी लागू पडेल की नाही हे आधी सांगणारी कुठलीही रक्ताची टेस्ट आज रोजच्या वापरात नाही. कारण समजून घेतलंत तर पुढच्या वेळी कोणी पॅकेज विकायला आलं तर तुम्हालाच कळेल. उत्तेजना आली की लिंगातल्या नसा आणि रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर नायट्रिक ऑक्साईड सोडतं, त्यातून सीजीएमपी नावाचा पदार्थ वाढतो, स्नायू सैल पडतात आणि रक्त भरतं. या नायट्रिक ऑक्साईडच्या शोधाला १९९८ चं नोबेल मिळालं आणि त्याच वर्षी सिल्डेनाफिल बाजारात आली. शरीरात पीडीई५ नावाचं एन्झाइम असतं, ते सीजीएमपी तोडून टाकतं. गोळी फक्त त्या एन्झाइमला अडवते. म्हणजे गोळी नायट्रिक ऑक्साईड स्वतः बनवत नाही, बनलेल्याचा परिणाम टिकवते. शुगरने किंवा ऑपरेशनने नसा आणि अस्तर खराब होऊन मुळात बनतच कमी असेल तर गोळीला टिकवायला फारसं काही उरत नाही. आता हा वायू तिथल्या तिथे बनतो आणि रक्तात काही सेकंदांत संपतो, मग दंडाच्या शिरेतून काढलेल्या सॅम्पलमध्ये तो लिंगात किती बनतोय हे कसं दिसणार?

संशोधन झालेलं नाही असं नाही, बरंच झालंय. नायट्रिक ऑक्साईड बनवणाऱ्या एन्झाइमच्या जीनमधले बदल, जीएनबी३ नावाच्या जीनमधला एक बदल, एडीएमए नावाचा रक्तातला पदार्थ, होमोसिस्टीन, पांढऱ्या पेशींचं प्रमाण, असे अनेक मार्कर लोकांनी तपासलेत आणि काही अभ्यासांत गोळी लागू पडलेल्या आणि न पडलेल्या गटांत फरक दिसलाही. पण अभ्यास छोटे, एका ठिकाणचा निकाल दुसरीकडे तसाच येतो असं नाही, आणि गटाच्या सरासरीत फरक दिसला म्हणून तुमच्या एकट्याबद्दल भाकीत करता येत नाही. समजा त्या जीन टेस्टमध्ये वाईट रिपोर्ट आला तर मी काय करीन? तरीही गोळीच देऊन बघीन, कारण ती स्वस्त आहे, नीट तपासून दिली तर सुरक्षित आहे आणि वाईट जीन असलेल्या पुष्कळ लोकांनाही लागू पडते. चांगला रिपोर्ट आला तरी गोळीच देईन. ज्या टेस्टचा निकाल काहीही आला तरी पुढचं पाऊल तेच राहणार, तिच्यावर पैसे घालू नका असं माझं स्पष्ट मत आहे.

मग रक्त तपासायचंच कशाला, तर कारण शोधायला. युरोपियन युरॉलॉजीच्या गाइडलाइनमध्ये उपाशीपोटी साखर किंवा एचबीए१सी (तीन महिन्यांची शुगर), लिपिड प्रोफाईल (कोलेस्टेरॉलची तपासणी) आणि सकाळचं टोटल टेस्टोस्टेरॉन एवढंच मूळ यादीत आहे, बाकीचं लक्षणांवरून. निफाडच्या भाऊंची शुगरची गोष्ट अगदी बरोबर आहे. १९९९ साली फक्त डायबेटिस असलेल्या अडीचशेच्या वर पुरुषांवर सिल्डेनाफिलचा अभ्यास झाला होता, त्यात गोळी घेणाऱ्या ५६ टक्के लोकांना सुधारणा जाणवली, खोटी गोळी घेणाऱ्यांत १० टक्के. म्हणजे डायबेटिस असला तरी निम्म्याहून जास्त लोकांना फायदा होतो हे आधी लक्षात घ्या. पण शुगर किती वर्षांची आहे, किती कंट्रोलमध्ये आहे आणि पायाला मुंग्या, बधिरपणा असं काही आहे का यावरून मला जो अंदाज येतो तो त्या सात हजाराच्या कागदावरून येणार नाही. पहाटे उठताना ताठरता येते का, हा साधा प्रश्नही खूप काही सांगतो. येत असेल तर नसा आणि रक्तवाहिन्या बऱ्यापैकी शाबूत आहेत आणि टेन्शनचा भाग मोठा आहे असं धरून चालतो.

टेस्टोस्टेरॉनबद्दल लोकांच्या मनात फार मोठा गैरसमज आहे की कमी असलं की गोळी चालत नाही आणि इंजेक्शन दिलं की चालायला लागते. २००४ च्या एका छोट्या अभ्यासात गोळीने फरक न पडलेल्यांना टेस्टोस्टेरॉन जेल दिल्यावर फायदा दिसला होता खरा. पण २०१२ मध्ये १४० पुरुषांवर जास्त काटेकोर अभ्यास झाला, सगळ्यांचं टेस्टोस्टेरॉन ३३० च्या खाली होतं, आधी प्रत्येकाचा सिल्डेनाफिलचा डोस नीट बसवला आणि मग निम्म्यांना खरं जेल, निम्म्यांना खोटं, १४ आठवडे. ताठरतेत दोन गटांत फरक निघाला नाही. ज्यांचं खरोखर खूप कमी आहे, इच्छाच गेलीय, अंगात त्राण नाही, दोन वेळा सकाळी तपासून सिद्ध झालंय, त्यांना उपचाराचा फायदा होतो, त्यांना मीही देतो किंवा एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे (हार्मोनच्या डॉक्टरांकडे) पाठवतो. पण तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं वाक्य हे आहे की बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतलं की मेंदू वृषणांना सिग्नल देणं थांबवतो आणि शुक्राणू बनणं कमी होतं, कधीकधी पूर्ण बंद. तुम्हाला दुसरं मूल हवंय. ते इंजेक्शन घेऊ नका, थांबलात ते फार बरं केलंत.


सिडकोची_ताई

इथे बायकांनी लिहावं की नाही असं वाटत होतं पण लिहिते, कारण आमच्या बाबतीत रक्ताच्या टेस्टनेच कारण सापडलं. आमच्या ह्यांना शुगर नाही बीपी नाही, वय ४२, पण इच्छाच राहिली नव्हती, गोळीचा काही उपयोग होत नव्हता आणि मधूनमधून डोकं दुखायचं. मला आधी वाटलं माझंच काही चुकतंय, ह्यांना वाटायचं मी नाराज आहे, असे कितीतरी महिने दोघंही गप्प. शेवटी डॉक्टरांनी सकाळचं टेस्टोस्टेरॉन केलं ते खूपच कमी, म्हणून पुढे प्रोलॅक्टिन नावाचा हार्मोन तपासला तर ते खूप जास्त, मग डोक्याचा एमआरआय, त्यात पिच्युटरी ग्रंथीवर छोटी गाठ निघाली, कॅन्सरची नाही. कॅबरगोलीन नावाची गोळी आठवड्यातून दोनदा सुरू झाली, प्रोलॅक्टिन खाली आलं, हळूहळू टेस्टोस्टेरॉन आपोआप वर आलं, डोकेदुखी गेली आणि ते परत पहिल्यासारखे हसायला बोलायला लागले.

म्हणून मला वाटतं टेस्ट टाळू नका, पण डॉक्टर एकातून एक सांगत जातात तशा करा. पॅकेजमध्ये प्रोलॅक्टिनचा आकडा जरासा वर आला असता तर तो कागद घेऊन आम्ही कुठे गेलो असतो? आणि भाऊ, वहिनींना डॉक्टरांकडे बरोबर घेऊन जा. मी गेले तेव्हा डॉक्टरांनी मलाही दोन प्रश्न विचारले ज्यांची उत्तरं ह्यांनी वेगळी दिली होती, आणि बाहेर आल्यावर आम्ही गाडीत बसून कितीतरी वेळ बोललो, इतक्या दिवसांत पहिल्यांदा.


इंदिरानगरकर

सगळ्यांचे खूप आभार, इतकं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं, बायकोलाही वाचून दाखवलं. पॅकेज रद्द. पहाटे ताठरता येते, रोज नाही पण येते, त्यामुळे जरा धीर आला. डॉक्टर साहेब, दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या, बीपीच्या गोळीने असं होतं का, माझ्या चिठ्ठीवर अटेनोलॉल आहे, ती मी स्वतःहून बंद करून बघू का? आणि मेटफॉर्मिनचं काही असतं का? हृदयाचं वाचून भीती वाटली, पांडवलेण्याच्या पायऱ्या दम न लागता चढतो मी, तरी स्ट्रेस टेस्ट करावी लागेल का?


मेडिसिनवाला_नाशिकरोड

स्वतःहून अजिबात बंद करू नका, अटेनोलॉल एकदम सोडली तर धडधड आणि बीपी उसळी मारतं. तिच्यामुळे काही जणांना ताठरतेचा त्रास होतो हे खरं आहे, थायझाईड गटातल्या लघवीच्या गोळीनेही होतो. शुगर असलेल्या तरुण माणसाला दुसऱ्या कारणासाठी बीटा ब्लॉकर (अटेनोलॉल याच गटातली) लागत नसेल तर बीपीसाठी टेल्मिसार्टनसारखी गोळी बहुतेक वेळा जास्त योग्य असते. हे तुमच्या डॉक्टरांना विचारा, बदलायची झाली तर ते डोस हळूहळू कमी करून बदलतील. मेटफॉर्मिनने ताठरता जात नाही, पण बरीच वर्षं घेतल्यावर काहींचं बी१२ कमी होतं आणि नसांवर परिणाम होतो, म्हणून पायाला मुंग्या असतील तर बी१२ जरूर बघा. आपल्याकडे शाकाहारी लोकांत ते आधीच कमी असतं.

हृदयाचं घाबरण्यासाठी नाही, वेळ मिळतोय म्हणून सांगतो. लिंगाच्या रक्तवाहिन्या साधारण १ ते २ मिलिमीटरच्या, हृदयाच्या ३ ते ४ मिलिमीटरच्या. तोच आजार बारीक वाहिनीत आधी जाणवतो, हृदयाचा त्रास बहुधा दोन ते पाच वर्षांनी. सगळ्यांना येतोच असं नाही, पण तुम्हाला शुगर आणि बीपी दोन्ही आहे म्हणून कोलेस्टेरॉल आणि ईसीजी कराच. दोन जिने न थांबता चढता येत असतील, छातीत दुखत नसेल तर संबंधांचा ताण हृदयाला बहुतेक झेपतो. पांडवलेण्याच्या पायऱ्या त्याहून कितीतरी जास्त आहेत, त्यामुळे संबंध ठेवायला घाबरू नका. पुढे स्ट्रेस टेस्ट लागेल का ते तुमचे रिपोर्ट बघून ठरेल. सिगरेट असेल तर आजच सोडा, त्याचा फायदा मोठा आहे.

गोळीचं म्हणाल तर योग्य पद्धतीने, योग्य डोसवर, किमान सहा ते आठ वेळा घेऊन बघितल्याशिवाय ती लागू पडत नाही असं आम्ही म्हणत नाही. ५० पुरत नसेल तर डॉक्टर १०० करू शकतात, किंवा टाडालाफिल देतील, तिचा परिणाम ३६ तासांपर्यंत राहतो आणि जेवणाचा तिला फारसा फरक पडत नाही. शिफ्टवाल्या माणसाला ते सोयीचं जातं, घड्याळ बघायला लागत नाही, आणि तुमच्या टेन्शनवर अर्धा उतारा तोच असू शकतो. फक्त डोस स्वतः मेडिकलमधून वाढवू नका, आणि ही गोळी घेतल्यावर कधी छातीत दुखलं तर डॉक्टरांना आधी सांगा की ही घेतलीय. सिल्डेनाफिलनंतर २४ तास आणि टाडालाफिलनंतर ४८ तास सॉर्बिट्रेटच्या जातीचं काही द्यायचं नसतं. या सगळ्याने नाही झालं तरी रस्ता बंद होत नाही, लिंगात देतात ती इंजेक्शनं आहेत, व्हॅक्युम पंप आहे, शेवटी इम्प्लांट आहे, युरॉलॉजिस्ट सांगतील.


इंदिरानगरकर

रिपोर्ट आले म्हणून लिहितोय. लॅबटेक दादांनी सांगितलं तसं रविवारी सकाळी उपाशी रक्त दिलं, टेस्टोस्टेरॉन ३९७ आलं. त्याच माणसाचं, त्याच शरीराचं, २५४ च्या जागी ३९७! एचबीए१सी मात्र ८.८, एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल १५२. ईसीजी ठीक आहे. बायको बरोबर आली होती. डॉक्टरांनी अटेनोलॉल कमी करत टेल्मिसार्टनवर आणायचं ठरवलंय, कोलेस्टेरॉलची गोळी आणि शुगरची अजून एक गोळी वाढवलीय, ईडीसाठी टाडालाफिल लिहिलीय. इंजेक्शनचं विचारलं तर गरज नाही म्हणाले. प्रोलॅक्टिनही करायला नको म्हणाले कारण टेस्टोस्टेरॉन ठीक आहे आणि इच्छा आहे. आता एचबीए१सी परत कधी करू, महिन्याने केली तर चालेल का, लवकर बघायची घाई झालीय.


लॅबटेक_पंचवटी

महिन्याने नको दादा, तीन महिन्यांनी करा, ती टेस्ट दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवते त्यामुळे महिन्यात बदल पूर्ण दिसणार नाही आणि उगाच निराश व्हाल. तोपर्यंत घरी ग्लुकोमीटरवर उपाशी आणि जेवणानंतर दोन तासांची शुगर लिहून ठेवा, नाईटच्या आठवड्यातली वेगळ्या पानावर, डॉक्टरांना त्याचा खूप उपयोग होतो. आणि हिमोग्लोबिन पण सोबत करून घ्या, ते कमी असेल किंवा घरात कोणाला थॅलेसेमियाचा ट्रेट (रक्तातला आनुवंशिक दोष) असेल तर एचबीए१सीचा आकडा फसवा येऊ शकतो. शक्यतो त्याच लॅबमध्ये करा म्हणजे मशीन तेच राहील. एचबीए१सीला उपाशी राहायची गरज नाही, पण कोलेस्टेरॉल परत करायचं असेल तर डॉक्टरांना विचारून घ्या, बहुतेक दोन्ही एकाच सकाळी होऊन जाईल.